प्यायला थांबलो, प्यायचं थांबवलं

"आय स्टॉप्ड टू ड्रिंक. थ्री इयर्स," काका म्हणाले आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघू लागले. मी चहाच्या कपात बघत राहिले.

हे आमचे शेजारचे काका. मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारीच्या एका ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचे. मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत त्यांनी आखातात मोठी जहाजं ओढणाऱ्या एका टगबोटीवरच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. आठवड्यावर व्हिडिओ मुलाखत, तीही इंग्रजीतून. मी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमातली, म्हणून काकींनी मला आईकडून जवळजवळ मागूनच नेलं. दारूबद्दल हमखास विचारतात, असं एजंटने सांगितलं होतं. काकांनी तीन वर्षांत थेंबही घेतला नव्हता. ते त्यांना अभिमानाने सांगायचं होतं, आणि वाक्य नेमकं उलटं होत होतं.

चूक मला ऐकताक्षणी कळली. का चूक, ते मात्र सांगता येईना. शाळेत याद्या होत्या: या क्रियापदांपुढे टू, त्या क्रियापदांपुढे आयएनजी. मला त्या कधी लागल्याच नाहीत, कानालाच कळायचं. पण कान काही काकांना काढून देता येत नव्हता. शिवाय त्यांच्याच ओटीवर बसून, 'काका, तुम्ही दारू प्यायला थांबलात असा अर्थ होतोय,' हे म्हणायचं कसं?

"टू नको. ड्रिंकिंग म्हणा," मी म्हणाले.

"का गो? आय वॉन्ट टू वर्क चालतं, मग हे का नाही?"

"ते... तसंच असतं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा टू. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी मी आईच्या स्कूटरवर मागे बसून भाट्याच्या किनाऱ्यावरून घरी येत होते. आई म्हणाली, "शहाळं प्यायला थांबू या का?"

प्यायला थांबू या. स्टॉप टू ड्रिंक! आणि काकांनी केलं ते प्यायचं थांबवलं. स्टॉप ड्रिंकिंग! दोन वेगळी रूपं माझ्याच तोंडात होती आणि मला पत्ताच नव्हता. शहाळं एका हातात तसंच धरून मी फोनमध्ये लिहीत सुटले. कुलूप लावायला विसरले, फर्गॉट टू लॉक. कुलूप लावल्याचंच विसरले, फर्गॉट लॉकिंग. इंजिन सुरू करायचा प्रयत्न केला, ट्राइड टू स्टार्ट. नळी साफ करून बघितली, ट्राइड क्लीनिंग. करून बघणं! एवढं नेमकं आपण रोज बोलतो?

"काय झालं गो तुला?" आईने विचारलं. एरवी स्कूटरवर मी तोंडही उघडत नाही. त्या दिवशी घर येईपर्यंत मीच बोलत होते.

तशीच शेजारी गेले. "काका, शहाळं प्यायला थांबलो, स्टॉप्ड टू ड्रिंक. शहाळं प्यायचं थांबवलं, स्टॉप्ड ड्रिंकिंग."

काकांचे ओठ हलले. आतून ओल्या हातांनी काकी बाहेर आल्या. "म्हणजे हे चार दिवस काय म्हणत होते?"

मी खाली बघितलं. काकांनीच सांगितलं, "प्यायला थांबलो म्हणत होतो. तीन वर्षं."

"मग त्या तीन वर्षांआधीचं खरंच की! बंदरावरनं घरी येईपर्यंत किती ठिकाणी थांबायचात!"

आधी काका हसले, मग मला हसायचं धाडस झालं.

मुलाखतीच्या दिवशी काकांनी फोन बाहेरच्या खोलीत तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. काकी आणि मी स्वयंपाकघरात, दाराआड. काकींनी माझं मनगट घट्ट धरलेलं. इंजिनाचे प्रश्न झाले. मग आवाज आला, "डू यू ड्रिंक?"

काका पुटपुटले, "प्यायचं थांबवलं." मग मोठ्याने, "नो सर. आय स्टॉप्ड ड्रिंकिंग. थ्री इयर्स." मी श्वास सोडतेय तोवर त्यांनी आपल्या मनाचं जोडलं, "नाऊ आय स्टॉप टू ड्रिंक ओन्ली टी!"

पलीकडचा माणूस खळखळून हसला. वैद्यकीय तपासणीला कधी येऊ शकाल, असं त्याने विचारलं.

काकींना इंग्रजी कळत नव्हतं. "काय बोलले गो?"

"प्यायचं थांबवलं म्हणाले."

"प्यायला नाही ना?"

"प्यायला पण म्हणाले. चहा."

"तो चालेल," म्हणत काकींनी माझं मनगट सोडलं आणि आधण ठेवलं.