रोज नव्याने कळणारी बातमी

आम्ही पुण्याहून येऊन ठाण्याला, कोपरीत, बिऱ्हाड केलं तेव्हा ह्यांची बी. ए.ची परीक्षा होऊन गेली होती आणि एम. ए.साठी ह्यांनी मानसशास्त्र घेतलं होतं. एकोणिसाव्या शतकाची ती शेवटची वर्षं. तो विषय घेणारी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. सासूबाईंना त्याचं नावही नीट घेता येत नसे. शेजारणींनी विचारलं, की त्या म्हणत, "मुलगा मनाचं काहीतरी शिकतोय," आणि कुणी पुढे विचारू नये म्हणून घाईघाईने जोडत, "वकिलीसारखंच असतं ते."

ह्यांच्याबरोबर तोच विषय घेतलेला एक मित्र होता, कल्याणचा. मी त्यांना भाऊजी म्हणे. दोघं मुंबईला कॉलेजात जात आणि परतताना भाऊजी पुष्कळदा आमच्याकडे उतरत. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. भाऊजी ओटीवर टेकले रे टेकले, की ती त्यांच्या कोटाच्या खिशात हात घाली. कल्याणच्या बाजारातले फुटाणे त्या खिशात तिच्यासाठी असत.

त्यांच्या गोऱ्या प्रोफेसरांनी दोघांच्या डोक्यात एक नवं खूळ भरलं होतं. डोळे मिटून विचार करत बसण्याने मनाचा अभ्यास होत नाही, तिकडे जर्मनीत लोक मन मोजू लागले आहेत, असं ते सांगत. ह्या दोघांनी मोजायला घेतली ती स्मृती. आणि मोजायला माणूस कोण मिळालं, तर मी. भाऊजींच्या घरी वडीलधाऱ्यांनी हे मंत्रतंत्र समजून दोघांना हाकलून लावलं होतं. आमच्या सासूबाईंनाही पहिले काही दिवस तसंच वाटलं.

मी ओटीच्या उंबऱ्याशी बसायचं. भाऊजी घड्याळ हातात धरत आणि हे एका लयीत शब्द वाचत. बख, टिम, ढुप, गेझ, असले काही अर्थ नसलेले शब्द. ते पाठ व्हायला मला किती वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी किती उरतात, तेच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ पुरतो, हे सगळं ते टिपून ठेवत.

"अर्थ असलेले शब्द का नाही घेत?" मी एकदा विचारलं.

"अगं, आंबा म्हटलं की तुला माहेरचं झाड आठवेल," हे म्हणाले. "मग आम्ही काय मोजलं, तुझी स्मृती की तुझं माहेर?"

मला हसू आलं. पण मला त्या बसण्याचं फार अप्रूप होतं, हेही सांगते. लग्न झाल्यापासून मी काय रांधलं हे सगळ्यांनी विचारलं होतं. माझ्या मनात काय होतं, कसं होतं, हे विचारणारी ही दोन माणसं पहिलीच. मुलगी माझ्या मांडीला रेलून ऐके आणि मग अंगणात "टिम, ढुप, टिम, ढुप" करत एका पायावर उड्या मारी.

दोघांचा वाद चाले तो मात्र ऐकण्यासारखा असे. ह्यांचं म्हणणं, स्मृती हौदासारखी असते. कुणाचा हौद मोठा, कुणाचा लहान, कुणाचा गळका. आपण फक्त पाणी मोजायचं.

"हौद तू पाहिलास का पण?" भाऊजी विचारत. "आपण पाहतो ते एवढंच, की वहिनींनी शब्द म्हटले. त्यामागे काहीतरी आहे असं आपण धरून चालतो आणि त्याला नाव देतो. नाव एक दिलं म्हणून आतली वस्तू एकच असते का? ताप म्हणतो आपण. हिवतापही ताप आणि गोवराचाही तापच. दोन्हीला एकच काढा देशील का?"

"मग मोजायचंच नाही म्हणतोस?"

"मोजायचं. पण काय मोजतोय याची रोज शंका घ्यायची."

असं पुढचं वर्ष चाललं. दिवाळीनंतर आमच्या आळीत ताप शिरला. आधी मुलीला आला, मग ह्यांना. डॉक्टर म्हणाले, ह्यांचा ताप मेंदूत गेला आहे. हे बेशुद्ध होते, त्या दिवसांत एका सकाळी मुलगी गेली. तिला नेलं भाऊजींनी. मी ह्यांच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत होते. उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. पट्टी सुकली होती.

हे शुद्धीवर आले तेव्हा ह्यांनी मला ओळखलं, आईला ओळखलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मग हे म्हणाले, "बाळ कुठंय? रांगत रांगत चुलीकडे जाईल, बघ."

आमची मुलगी रांगायची थांबून तीन वर्षं झाली होती. ह्यांची मधली तेवढी वर्षं पुसून गेली होती. कोपरीचं घर ह्यांना परकं वाटे. पुण्याहून आपण कधी आलो, असं विचारत. आणि नवं काही राहत नव्हतं. सकाळी डॉक्टर येऊन गेले, तर दुपारी ह्यांना त्याचा पत्ता नसे. संस्कृत श्लोक मात्र सगळे जिथल्या तिथे होते.

मुलीचं सासूबाईंनी सांगितलं. हे ऐकून ह्यांनी जो आवाज काढला, त्याचं वर्णन मी करणार नाही. थकून झोपले. उठले आणि म्हणाले, "बाळ कुठंय?"

मला वाटलं, खरं तेच सांगावं. सांगत राहिलं की कधीतरी बसेल. म्हणून मी सांगत राहिले. दर वेळी ह्यांना ती बातमी नव्याने कळे, दर वेळी हे पहिल्यासारखेच कोसळत, आणि दर वेळी माझ्याच तोंडून. मग घटकाभराने ते पुसलं जाई आणि माझ्याकडे पाहून हे विचारत, "तुझे डोळे का लाल आहेत गं?"

भाऊजी नेमाने येत. काय करावं हे त्यांनाही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी येत होतं ते केलं. नव्या शब्दांची एक यादी केली आणि ह्यांना पाठ करायला दिली. दुसऱ्या दिवशी तीच पुढे धरली. हे म्हणाले, "ही मी कधी पाहिली नाही." तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. भाऊजी घड्याळ बघत होते. यादी संपली तशी ते उठून अंगणात गेले. मी पाठोपाठ गेले.

"वहिनी, पाहिलं नाही म्हणतो खरं," ते म्हणाले, "पण रोज आदल्या दिवशीपेक्षा लवकर पाठ होतंय. त्याला ठाऊक नाही आणि तरी काहीतरी आत राहतंय. आम्ही ज्याला एक नाव दिलं होतं ते एक नाहीच."

त्यांचा आवाज कापत होता. किती आनंदाचा आणि किती दुःखाचा, मला सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच आलं.

"भाऊजी, मग मी मुलीचं सांगते, तेही आत राहत असेल?"

त्यांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं.

त्यांनाही ते दिसलं होतंच. ज्या दिवशी ह्यांना सांगितलेलं असे, त्या दिवशी हे जेवत नसत. भिंतीकडे तोंड करून पडत. काय होतंय विचारलं तर म्हणत, "कळत नाही. छातीवर काहीतरी ठेवलंय असं वाटतं. काही झालंय का घरात?" बातमी पुसली जाई आणि दुःख तसंच राही. कशाचं आहे ते न कळणारं दुःख.

"मला हे पुस्तकात कुठे सापडलं नाही, वहिनी," भाऊजी शेवटी म्हणाले. "सांगणं थांबवा, एवढंच म्हणतो. तुम्हाला जमेल का?"

त्या दिवसापासून मी थांबवलं. बाळ झोपलंय, बाळ मावशीकडे गेलंय, असं सांगू लागले. हे निर्धास्त होऊन पुढ्यातला भात खात. सासूबाईंना ते पाहवेना. "मला असं खोटं हसता येत नाही गं," म्हणाल्या आणि धाकट्या दिरांकडे गावी निघून गेल्या. मी त्यांना दोष दिला नाही. घरात रडायला जागाच उरली नव्हती. माझे डोळे ओले दिसले तर हे कारण विचारत, म्हणून मी डोळे कोरडे ठेवायला शिकले.

प्रोफेसरांच्या कानावर हे गेलं, तेव्हा ते भाऊजींना म्हणाले, यावरच निबंध लिही, असं कुणी लिहिलेलं नाही. भाऊजींनी मला विचारलं. मी म्हटलं, "लिहा. ह्यांना समजत असतं तर ह्यांनी तुमच्या हातात लेखणी दिली असती." त्यांनी लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. "रोगी असा शब्द लिहिला," मला म्हणाले, "आणि पुढे हात चालेना. तो माझ्याशी हौदावरून भांडला असता, वहिनी." दुसऱ्या कुठल्या विषयावर परीक्षा देऊन ते उत्तीर्ण झाले. लांब वऱ्हाडात शाळेची नोकरी मिळाली.

निघण्याआधी ते भेटायला आले. मिठागरांच्या बांधापर्यंत मी त्यांना पोचवायला गेले. हे घरात होते, म्हणून मुलीबद्दल बोलायचं ते आम्ही नेहमी बाहेरच बोलत असू. ती कशी हसायची, कोटाचा कुठला खिसा आधी धुंडायची. तिला ओळखणारं, तिचं नाव माझ्यासमोर काढणारं ते एकच माणूस उरलं होतं.

"आता तिचं कुणाशी बोलू?" मी म्हटलं.

भाऊजी बांधावर खाली बसले आणि ओंजळीत तोंड धरून रडले. मी उभीच होते. मला परत घरी जायचं होतं.

त्यानंतर हे पाच वर्षं होते. वाईट दिवस नव्हते ते. आळीतल्या मुलांना हे संस्कृतची रूपं आणि श्लोक शिकवत. मुलांची नावं रोज नव्याने विचारत आणि मुलंही न कंटाळता सांगत. एका पावसाळ्यात न्यूमोनिया झाला आणि हे गेले.

मग भावाने मला खडवलीला आपल्याकडे नेलं. तिथे नदीवर एकदा धुणं धुताना शेजारच्या बाईने सहज विचारलं, "तुम्हाला मूलबाळ?"

मी म्हटलं, "एक मुलगी होती." आणि मग थांबताच येईना. तिचा रंग, तिचे केस, ती तापात पाणी मागत होती ते, मी दारापर्यंत जाऊन परत आले ते. ती बाई मला ओळखतही नव्हती. तिने हातातलं लुगडं पिळून खडकावर ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन पाण्यातच बसली.