शनिवारचा पंखा

काल शनिवारी रूबेनच्या घरी आम्ही शाळेच्या वसतिगृहातले चौघे म्हातारे जमलो. शाळा ज्यू मुलांची. बाहेरचा मी एकटाच, तालुक्याच्या गावाहून फुकट शिकायला आलेला. शब्बाथला, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या शनिवारी, ही मुलं विजेच्या बटणाला हात लावत नसत, दुसऱ्याला लाव म्हणतही नसत. रूबेन नुसतं म्हणायचा, "काय उकडतंय रे!" मग मी उठून पंखा लावायचो. घराण्यातला पहिला पदवीधर मी त्या शाळेमुळे झालो. माझ्या हातून तिच्यासाठी झालं ते एवढंच.

कालही तो तसंच म्हणाला. सगळे हसले. "ऊठ की, तुझं खातं आलं!" एकानं टोमणा मारला. मी खुर्चीला रेटा दिला, पण गुडघे उचलेनात. पुन्हा दिला, तरी नाही. तेव्हा जन्मभर शब्बाथ पाळलेला रूबेन स्वतः उठला आणि त्यानं बटण दाबलं.

"बस तू," तो म्हणाला. "दमलास."

कुणासाठी तरी उठता येणं हेही सुख असतं, हे उठता येईना तेव्हा कळतं. वारा अंगावर येत होता, आणि मी आणखी एकदा जोर लावायला हवा होता, असं मला वाटत राहिलं.