टपाच्या मधोमध

तिला सगळे काकाकुवा म्हणत. नाव ठेवलं होतं धाकट्या दिरानं, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. नवी वहिनी घरात आली आणि दिवसभर एकच अक्षर कानावर पडू लागलं. दुधाचं पातेलं डाव्याच शेगडीवर का? सासरे पेपर शेवटच्या पानापासून का वाचतात? जिना चढताना सगळे तिसरी पायरी का गाळतात? "हिला वहिनी नको, काकाकुवा म्हणूया," असं दीर म्हणाला, आणि रागावायचं सोडून तिनं विचारलं, "का?" मग काय, नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचं लग्नसुद्धा एका प्रश्नातून जमलेलं. घड्याळाचा पट्टा बदलायला ती दुकानात गेली, तर काउंटरमागचा घड्याळजी एका फळीवर उभा. दुसरी एखादी मान वळवून गप्प राहिली असती. हिनं सरळ विचारलं, "फळी कशाला हो?" घड्याळजी म्हणाले, "उंची कमी पडते म्हणून." लोक त्यांच्या बुटकेपणाबद्दल पाठीमागे खूप बोलत. तोंडावर विचारणारी ही पहिलीच. त्या दिवशी पट्टा बसवायला त्यांनी गरजेपेक्षा फारच वेळ लावला.

तसे ते मुळातच सावकाश. बोलणं सावकाश, जेवणं सावकाश, आणि गाडी चालवणं तर असं की सायकलवाले मागे वळून बघत. बायको प्रश्नांची पोतडी आणि नवरा उत्तराला चिक्कू, पण संसार झकास चालला होता. तिचंही कामकाज घरातच होतं. मागच्या खिडकीशी शिलाईचं मशीन मांडून ती लोकांचे कपडे दुरुस्त करायची. कुणाची बाही आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. दुसऱ्याची शिवण उसवता उसवता तिला माणसाचा हात ओळखायची सवय लागली होती. हा घाईतला, हा नवशिका, हा भांडून बसलेला, असं ती सुईच्या टोकानं सांगायची, आणि कोण विचारतंय याची वाटही बघायची नाही.

त्या खिडकीखालच्या अंगणात सासऱ्यांची गाडी उभी असे. जुन्या घडणीची, उंच, चौकोनी, गडद निळी.

या घरातली जखम आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सासऱ्यांच्या छातीत कळ आली त्या संध्याकाळी गाडी थोरल्यानं, म्हणजे घड्याळजींनी चालवली. मागच्या सीटवर धाकटा, वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन. घड्याळजींनी जन्मात घेतला नव्हता एवढा वेग घेतला, पण तो इतरांच्या सावकाशीएवढाच. दवाखान्यात डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, सासरे गेले होते. तिथल्या लांब पॅसेजमध्ये धाकटा एकच वाक्य बोलला, "मी चालवली असती तर पोचलो असतो." घड्याळजींनी किल्ली खिशात टाकली. तेव्हापासून ती गाडी अंगणाबाहेर गेली नाही. अधूनमधून इंजिन सुरू करायचं, जरा घुरघुरू द्यायचं, बंद करायचं. आणि भावाभावांत अळीमिळी गुपचिळी. धाकटा दोन गल्ल्या सोडून राहायला गेला. रस्त्यात समोर आला तर एकजण फुटपाथ बदलायचा.

काकाकुवानं दोघांनाही विचारून पाहिलं, अनेकदा. "बोलत का नाही हो?" तिच्या आयुष्यातला हा एकच प्रश्न असा की त्याला कुठूनच उत्तर आलं नाही. तिला मनापासून वाटायचं, या दोघांनी एकदा, मरायच्या आत एकदा, एकमेकांशी बोलावं. नुसतं "जेवलास का" एवढं म्हटलं तरी चालेल.

घड्याळजी गाडी चालवत नसले तरी तिला जपत मात्र फार. जुनी बनियन घेऊन सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास वॅक्स लावत बसत. बोट फिरवावं तसा गोल गोल हात. एकदा काकाकुवानं खिडकीतून विचारलं, "हे किती दिवसांनी लावायचं असतं?"

"लागेल तेव्हा."

"लागेल हे कळतं कसं?"

"कळतं."

हे काय उत्तर झालं? तिची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी पँटची एक मोरी टाचायची तशीच टाकून ती नाक्यावरच्या गाड्या धुवायच्या सेंटरवर गेली. तिथल्या मालकीणबाईंच्या हातात पाण्याचा पाइप आणि कमरेला रबरी एप्रन. काकाकुवानं गाडी नाही, नुसता प्रश्न आणलाय म्हटल्यावर बाई हसल्याच.

"आधी हे सांगा, पॉलिश करता की वॅक्स?"

"आमचे हे दोन्हीला पॉलिशच म्हणतात."

"इथंच तर लोक फसतात हो. पॉलिश म्हणजे वरचा बारीक थर घासून काढणं. वॅक्स म्हणजे वर पांघरूण घालणं. पॉलिश उठसूट केलंत तर रंगच उडून जाईल. वॅक्स करा की खुशाल."

"पण किती दिवसांनी?"

"गाडी उन्हात असेल तर लवकर, छपराखाली असेल तर उशिरा. कुणी म्हणेल तीन महिने, कुणी म्हणेल सहा. तुम्ही कॅलेंडर बघू नका, पाणी बघा. पाणी टाकल्यावर टपोरे थेंब उभे राहिले की वॅक्स आहे. पाणी फतकल मारून पसरलं की संपलं."

बास. काकाकुवाला आणखी काय पाहिजे होतं! घरी येऊन तिनं तांब्या भरला आणि अंगणात उतरली. बॉनेटवर पाणी टाकलं, तर अळवावरच्या पाण्यासारखे थेंब घरंगळले. दारं झाली, डिकी झाली. मग गाडीचा वरचा टप पाहायला ती माडीवर आली आणि खिडकीतून तांब्या उपडा केला. शेजारीण बघत होती, तिला वाटलं हिला वेड लागलं शेवटी. टपावरही मोत्यांसारखे थेंब उभे राहिले, कडेला आणि अगदी मधोमधसुद्धा. काकाकुवा खूश होऊन मशीनवर बसली, पायडलवर पाय ठेवला आणि थांबली.

मधोमध कसे?

घड्याळजींचा हात टपाच्या मध्यापर्यंत जात नव्हता. ती दर सुट्टीला वरून बघत होती की. ते चवड्यावर उभे राहत, गाल काचेला टेकवत, बनियन पुढे ढकलत, पण मधला पट्टा राहायचाच. आणि त्या पट्ट्यावर आत्ता थेंब उभे होते.

संध्याकाळी तिनं विचारलं, "मधे कोण लावतं वॅक्स?"

"लागत असेल हात," घड्याळजी म्हणाले आणि भिंग डोळ्याला लावून घड्याळात घुसले. ताकास तूर लागू द्यायची नाही म्हटल्यावर हा माणूस शिंपल्यापेक्षा घट्ट.

पण काकाकुवानं सकाळच्या तिरप्या उन्हात टप नीट न्याहाळला. कडेला गोल गोल पुसल्याच्या खुणा होत्या, त्या नवऱ्याच्या. मधल्या पट्ट्यात मात्र लांब, सरळ, एका दमात ओढलेले हात. असा हात घरांना रंग देणाऱ्याचा. आणि घरांना रंग देणारा, ताडमाड उंच, या गाडीशी नातं असलेला माणूस गावात एकच होता, तिचा दीर.

त्यानंतर ती रोज उजाडायच्या आधी खिडकीशी येऊन बसू लागली, काजं करायच्या निमित्तानं. आणि एका पहाटे तो आलाच. कामावर निघालेला, हातात रंगाची बादली. बादली खाली ठेवली, खिशातून फडकं आणि डबी काढली, आणि तो लांब हात टपावर आरपार फिरवला. मग फडकं उलटं करून पुसलं. इकडे तिकडे बघितलंसुद्धा नाही. बादली उचलून निघून गेला. काकाकुवाच्या हातातलं काज वाकडं झालं. ज्यांना लोक म्हणत होते की एकमेकांना पाण्यात पाहतात, त्यांचं हे असं चाललं होतं तर!

सांगावं की न सांगावं? तिला पोटात काही ठेवायची सवयच नव्हती. पण सांगितलं आणि नवऱ्यानं 'माझ्या गाडीला हात लावू नको' म्हटलं तर? होता तेवढा धागाही तुटेल. म्हणून तिनं मूग गिळले. तिच्यासारखीनं मूग गिळणं म्हणजे काय हाल ते तीच जाणे.

पुढे थंडी पडली, सकाळी दव यायला लागलं. एके दिवशी जेवता जेवता घड्याळजींनी विचारलं, "वरून टप कसा दिसतोय?"

काकाकुवाचा घास हातातच राहिला. या माणसानं आपण होऊन प्रश्न विचारलेला तिला आठवत नव्हता.

"का?"

"असंच."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "मधे थेंब आहेत का बघ." तिसऱ्या दिवशी ते स्वतःच खिडकीशी येऊन उभे राहिले. टपाच्या कडांना दव टपोरं उभं होतं आणि मधोमध पाणी फतकल मारून पसरलेलं. घड्याळजींचा चेहरा असा पडला की तिला राहवेना.

"तुम्हाला ठाऊक होतं!"

ते खिडकीतून आणखी पुढे वाकले.

"सगळं ठाऊक होतं तुम्हाला. अहो, दुकानातली फळी आणली असती तर तुमचाही हात पोचला असता मधे. का नाही आणली?"

घड्याळजींनी पसरलेल्या पाण्याकडे बोट केलं. मग त्यांच्या मानानं खूपच लांब बोलले. "आणली असती तर मी पोचलो असतो. पण मग त्यानं कुठं यायचं?"

तिनं डोळे पुसले, चपला घातल्या आणि तडक दोन गल्ल्या ओलांडून दिराच्या दारात जाऊन उभी राहिली.

दार जावेनं उघडलं. आत दीर खुर्चीत बसलेला, उजवा हात पोटाशी धरून. वर्षानुवर्षं हात वर करून छतं रंगवलेला तो खांदा अखेर अडकून बसला होता. हात कमरेच्या वर जात नव्हता. शर्ट जाऊ घालून देत होती.

"दवाखान्यात रोज व्यायामाला बोलावलंय," जाऊ म्हणाली, "पण जाणार कसे? बसमधे दांडा धरता येत नाही, धक्का बसला की कळवळतात. दोनदा गेले आणि सोडून दिलं. हात असाच राहील म्हणतात, नाही गेलं तर."

"वहिनी, दादाला सांगू नका," दीर म्हणाला.

"का?"

"त्याला वाटेल, आता गरज पडली म्हणून बोलतोय." मग हळूच म्हणाला, "तेव्हा जे बोललो ना, ते तोंडातून बाहेर पडल्याबरोबर मला कळलं होतं. पण परत कसं घ्यायचं ते कळलं नाही. मग निदान गाडी तरी..."

"सांगू नका म्हणे," काकाकुवा दाराकडे वळत म्हणाली. "नाव तुम्हीच ठेवलंत ना? काकाकुवाच्या पोटात राहतं का काही!"

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. प्रश्न एकही विचारला नाही. घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं, पुढ्यातल्या उघड्या घड्याळावर वाटी झाकली आणि खुंटीवरची किल्ली घेतली. अंगणात गाडीच्या दाराशी जरा वेळ नुसते उभे राहिले. ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

दिराच्या दारासमोर गाडी थांबली तेव्हा तो खिडकीतून बघतच होता. जावेच्या आधारानं खाली आला. घड्याळजी उतरले, वळसा घालून गेले आणि पुढचं दार उघडून धरलं. एवढा उंच माणूस, पण वाकून आत बसताना अगदी लहान पोरासारखा दिसला. घड्याळजींनी त्याच्या दुखऱ्या खांद्याला लागू नये असा सीटचा पट्टा अंगावरून ओढून लावून दिला.

गाडी निघाली. घड्याळजींचा वेग तोच. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मागे रांग लागली. एकानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं, मग सगळेच वाजवायला लागले. एक जण बाजूनं जाताना काच खाली करून काहीतरी ओरडला. घड्याळजींच्या कपाळावर घाम आला. कान लाल झाले. दवाखान्याचा तोच रस्ता, तेच चाक हातात, आणि सोबत तोच माणूस. त्यांनी वेग वाढवायला पाय दाबला. गाडी गचका खाऊन पुढे झाली आणि दीर कळवळला.

काकाकुवा मागून पुढे वाकली. आता हा काय बोलतो?

दिरानं डावा हात हळूच पुढे केला आणि भावाच्या गुडघ्यावर ठेवला.

"वाजवू दे त्यांना," तो म्हणाला. "तू सावकाश चल, दादा. तुझी चाल बरोबर आहे."

घड्याळजींच्या गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. दोन्ही हात चाकावर होते. त्यांनी गाडी आणखी हळू केली.