स्टिल आणि यट

निजामाच्या राज्यात भोकरदनसारख्या गावात बाईनं मास्तरकी करावी, ही लोकांनी वळून बघण्याची गोष्ट होती. मी मुलींच्या सरकारी शाळेत होते, वय बावीस. शिकवणं उर्दूत चालायचं, पण मला इंग्रजीही बरं येतं हे गावाला माहीत होतं. म्हणून एक दिवस कापसाचे एक मारवाडी व्यापारी शाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, आमच्या सुनंला इंग्रजी शिकवा. पोरगा गेल्यापासून दिवसभर भिंतीकडं बघत बसून राह्यलीय. कशात तरी मन लागंल तिचं."

मुलगा मागच्या पावसाळ्यात विषमज्वरानं वारला होता. मुंबईच्या पेढीची इंग्रजी पत्रं तोच वाचायचा. सून एकोणीस वर्षांची, गावातल्या मराठी मुलींसारखंच बोलणारी.

शाळा सुटली की मी रोज चार वाजता जायची. दुकानामागच्या खोलीत आम्ही बसत असू. तिथं सरकीचा वास भरून असायचा. शेजारच्या खोलीला बाहेरून कडी होती. त्याच खोलीत नवरा वारला, हे मला तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्या दाराकडं तोंड करून बसली. तिला मुळाक्षरांपासून मीच शिकवलं. चार महिन्यांत ती छोटी वाक्यं करायला लागली.

मग आम्ही 'अजून'पाशी आलो. मराठीत आपलं एका 'अजून'वर भागतं. पाऊस अजून पडतोय, मोटार अजून आली नाही. मी तिला सांगितलं, "जे चालूच आहे त्याला स्टिल. जे झालेलं नाही, पण व्हायचं आहे, त्याला यट." आणि दहा वाक्यं लिहून आणायला दिली.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. तिनं सगळीकडं यटच घातलं होतं. बैल यट पाणी पितोय, सासूबाई यट झोपल्यात. सातवं वाक्य होतं, 'ही इज यट इन द रूम.' मी पेन्सिल उचलली आणि थांबले. चुकलेलं प्रत्येक यट आधीच खोडलेलं होतं आणि वर स्टिल लिहिलं होतं. अक्षर तिचं नव्हतं. तिची अक्षरं गोल आणि उभी, ही सगळी डावीकडं कललेली.

"कुणाकडून तपासून घेतलीस?"

"कुणाकडून न्हाई, बाई. मी लिहून झोपले. सकाळी बघते तर असं."

मला वाटलं, दुकानातल्या मुनीमजींना थोडं इंग्रजी येत असावं. मी तिला रागावले आणि समोर बसवून वाक्यं लिहायला लावली. तिनं खाली मान घालून लिहिलं, 'द डोअर इज यट क्लोज्ड.' मी चूक सांगणार, तेवढ्यात मांडीवरचा तिचा डावा हात वर आला. लहान मुलाच्या हातातून एखादी वस्तू अलगद काढून घ्यावी तशी त्यानं उजव्या हातातली पेन्सिल काढून घेतली. यटवर रेघ ओढली, वर स्टिल लिहिलं, पेन्सिल खाली ठेवली आणि परत मांडीवर जाऊन पडला. तिचं लक्ष वहीकडं नव्हतंच. ती दाराकडं बघत होती.

मी बाहेर जाऊन शेटजींना बोलावून आणलं. त्यांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"हे आमच्या पोराचं अक्षर हाय," ते म्हणाले. "डावखुरा व्हता. ल्हानपणी लई मारलं मी त्याला त्यापायी. हात बांधून ठिवायचो."

सून तशीच बसून होती. शेटजींनी माझ्यापुढं हात जोडले. "त्याला इचारा ना, बाई. काही पाहिजे का त्याला? मला इंग्रजी येत न्हाई."

मी तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं. पण त्या म्हाताऱ्याकडं बघून मी परत खाली बसले आणि वहीत लिहिलं, 'डू यू वॉन्ट एनीथिंग?' बाहेर उन्हं होती, दुकानात गिऱ्हाइकांची बोलणी ऐकू येत होती. डावा हात बराच वेळ हलला नाही. मग त्यानं सावकाश दोन शब्द लिहिले. 'नथिंग यट.'

चूक काढायला जागाच नव्हती.

"काय म्हन्तो?" शेटजींनी विचारलं.

"काही नको म्हणतो," मी म्हणाले.

ते तिथंच भुईवर बसले आणि पदरात तोंड लपवून बाई रडते तसे उपरण्यात तोंड लपवून रडले. सुनेनं मात्र वर बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

त्या घरी पुन्हा जायचं नाही असं मी घरी येऊन ठरवलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी गेले, कारण मी गेले नसते तर ती एकटीच त्या दारासमोर बसली असती. शेटजींना सांगून कडी काढायला लावली, खोलीला चुना देववला आणि आमची बैठक पुढच्या ओसरीत हलवली. त्यानंतर तो हात वर आला नाही. पण मी तिथं शिकवलं तोवर माझी एक नजर पुस्तकात आणि एक तिच्या मांडीवर असायची.

वर्षभरानं ती पेढीची पत्रं वाचून सासऱ्यांना सांगायला लागली. शेटजी तिला विचारल्याशिवाय मुंबईला ओळ पाठवत नसत. मग माझी बदनापूरला बदली झाली. निघायच्या दिवशी ती मोटारीपर्यंत आली. सोबतीला दुकानातली एक म्हातारी बाई होती, ती मागं उभी राहिली.

"बाई, त्या दिवशी तुम्ही बापूजींना अर्धंच सांगितलं," ती हळूच म्हणाली.

"हो. रागावलीस का?"

"बिलकुल न्हाई. बरं केलं तुम्ही. म्हाताऱ्या माणसाला झोप लागायला पाहिजे." तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. "आणि ह्यांना मागायचं असंल तेव्हा ते मलाच मागतील. तेवढं इंग्रजी येतं मला आता."

तिनं वाकून नमस्कार केला आणि वाटेत खायला पुऱ्या आणि लोणचं बांधलेली पुरचुंडी माझ्या हातात दिली. मोटार सुटली. जालन्याला उतरून बदनापूरची गाडी मिळेपर्यंत मला चांगलीच भूक लागली होती, पण पुरचुंडीची गाठ तिनं कुठल्या हातानं मारली असेल या विचारानं ती सोडायला माझा हात काही धजला नाही.