“हात!” म्हटलं की

त्याला चहा देणं हे शूराचं काम होतं. कप त्याच्या बोटांना लागला न लागला तोच त्याचा हात विजेसारखा मागे जायचा आणि चहा आपल्या शर्टावर. सातपूरच्या आमच्या कारखान्यात निम्म्या कामगारांचे शर्ट त्याच्यामुळे पिवळे होते. उरलेले निम्मे त्याला चहा देत नसत. मी वाढवून सांगतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हीही थोडं वजा करत चला.

दोष त्याचा नव्हता, पॉवर प्रेसचा होता. पत्रा साच्यावर ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं. वरून लोखंडी पंच येतो आणि पत्र्याचं झाकण होतं. हात राहिला तर हाताचं. म्हणून शेजारच्या मशीनवाल्याला काही वेडंवाकडं दिसलं की तो एकच शब्द ओरडायचा, “हात!” पुरं वाक्य बोलायला वेळ नसतो. हा शब्द ऐकून पंधरा वर्षं त्याने हात काढला होता. आमच्या खात्यात दहाही बोटं शाबूत असलेला जुना कामगार तो एकटाच. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यालाच पुढे उभं करायचे.

तेहतिसाव्या वर्षी हा गडी बॉक्सिंग शिकायला निघाला.

चांदवडकडचा माणूस, हाडापेराने असा की भिंतीला टेकला तर भिंतीने माफी मागावी. त्र्यंबक रोडला एक निवृत्त हवालदार चिंचेला वाळूचं पोतं टांगून ठोसे शिकवायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. याने पहिल्याच दिवशी पोतं फोडलं. वाळू पार गंगापूर रोडपर्यंत गेली. उस्ताद खूश झाले, मग त्यांनी वय विचारलं आणि हाताला बांधायची पट्टी परत खाली ठेवली.

“उशीर नाय ना झाला, उस्ताद?”

“पंद्रह साल,” उस्ताद म्हणाले. “चल, पट्टी बांध.”

कामगारांच्या स्पर्धेत पस्तिशीनंतर उतरता येत नसे. म्हणजे हाती दोन वर्षं. त्याला एकच लढत जिंकायची होती. कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाला, “भाऊ, आजवर हात नुसता वाचवला. एकदा वापरून तर बघू दे.”

पहिल्या वर्षी समोर विशीतलं पोरगं होतं, काडीपेटीतल्या काडीएवढं. याचे दोन ठोसे हुकले, त्यांच्या वाऱ्याने मागच्या रांगेतल्या टोप्या उडाल्या. मग पोराने ठोसा उगारला. उस्ताद ओरडले, “हात!” म्हणजे तोंडासमोरचे हात हलवू नकोस. याने दोन्ही हात झटकन मागे घेतले. ठोसा उघड्या तोंडावर. पुन्हा “हात!”, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो आडवा झाला. सगळा हॉल हसला. मी हसलो नाही. खुर्चीत बसल्या बसल्या माझेही हात मागे गेले होते.

याचं औषध मीच करणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत शेडमागे तो तोंडासमोर हात धरून उभा राहायचा. मी “हात!” ओरडून गोणपाटाची गुंडाळी त्याच्यावर हाणायचो.

“आहेत तिथेच रोव, दादा. हलवायचे नाहीत.”

“ऐकत नाय रे. पोरासोरांचं अंग ऐकतं. आपलं जून झालं.”

आठ महिने गोणपाट खाल्लं त्याने. मग एका दुपारी मी चहाचा कप पुढे केला, त्याने तो धरला आणि हात जागचा हलला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्ही असता तर तुम्हीही वाजवल्या असत्या.

दुसऱ्या वर्षी तो तिन्ही फेऱ्या उभा राहिला. हरला. उस्ताद दहादा ओरडले असतील, हात भिंतीसारखे राहिले. पण पाय पस्तिशीचे होते आणि पोरगं भुंग्यासारखं भोवती फिरत होतं. नाक पुसत खाली आला आणि म्हणाला, “हरलो. पण हात हलला नाय ना, भाऊ?” मी त्याला मिठी मारली. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता.

त्यानंतरच्या सोमवारी, पहिल्या पाळीला, त्याचा पत्रा साच्यात तिरका अडकला. तो वाकून सरळ करत होता आणि पाय पेडलवर होता. मी शेजारच्या मशीनवर होतो.

मी ओरडलो, “हात!”

यात एक अक्षर वाढवलेलं नाही. त्याचा उजवा हात होता तिथेच राहिला.

तो चांदवडला गेला, तिथे भावाच्या कांद्याच्या चाळीवर देखरेख करू लागला. उस्तादांनी त्याचे ग्लोव्हज माझ्याकडे दिले होते, ते पोचवायला म्हणून मी एकदाच गेलो. पिशवी उघडलीच नाही. वहिनींनी चहा केला. त्याने डाव्या हाताने कप माझ्यापुढे धरला. माझी बोटं कपाला लागली आणि हात माझाच मागे गेला. चहा त्याच्या शर्टावर.

मी फडकं शोधायला लागलो. तो शर्टाकडे बघत राहिला, मग माझ्या हाताकडे.

“तुझा अजून निघतो, भाऊ,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ दे तसाच.”