टॉवेल पडेल ती बस आपली

हुबळी-धारवाडात बसनं हिंडणारी माणसं मोप आहेत, पण बसमध्ये चढताना स्वतःची खुर्ची बरोबर घेऊन चढणारी बाई एकच, आणि ती माझी अक्कडसासू. अक्कडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. धारवाडच्या साऱ्या मळमड्डीत तिला अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणतो. मी सातवी नापास माणूस. धारवाडजवळच्या बेलूरला कारखान्यात जन्मभर वेल्डिंग केलं, लिहायची सवय नाही. पण ह्या बाईबद्दल कुणीतरी सांगत राहायला पाहिजे. माझी बायको होती तोवर हे काम ती तोंडानं करायची. गेल्या श्रावणात ती गेली. आता माझ्यावर आलं.

अक्काची ती खुर्ची म्हणजे एक बॅटरीची गाडी आहे. दुकानदार तिला स्कूटर म्हणाला होता, पण मी काही तसं म्हणणार नाही. चार बारकी चाकं, पुढं हॅण्डल, मध्ये खुर्ची, बुडाखाली बॅटरी, आणि चाल एखाद्या पोट भरलेल्या म्हशीची. गुडघे गेलेल्या माणसांसाठी असते ती. बाकीची माणसं तिच्यावर बसून अंगणात नाहीतर बागेत फिरत असतील. अक्का बागेला बाग म्हणत नाही. "झाडं बघायला जायचं? झाडं काय बोलतात?" असं म्हणते. तिला माणसं लागतात, आणि माणसं बसमध्ये असतात. गाडी आली त्या दिवशी तिनं हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडीला म्हणाली, "चल बाई, हुबळीला जाऊन येऊ." मधे वीस किलोमीटर आहेत हे गाडीला माहीत नव्हतं, अक्काला होतं. म्हणून बस.

हुबळी-धारवाडच्या मधल्या मोठ्या बसचं एक बरं आहे. फलाट आणि बसची जमीन एका पातळीला येते, त्यामुळं अक्का सरळ आत शिरते, देवळात शिरावं तशी. पण बस रिकामी असेल तर चढत नाही. मागची गच्च भरलेली येईपर्यंत थांबते. मी एकदा विचारलं, असं का ओ? तर म्हणाली, "रिकाम्या बसमधून जायला मी काय डेपोत निघालेय?" तिनं मळमड्डीतल्या एका शाळेत जन्मभर घंटा दिली. शिपाईण होती. त्यामुळं साऱ्या जगाला वेळेवर आणायची जबाबदारी आपल्यावरच आहे असं ती धरून चालते. बस उशिरा आली की गाडी ड्रायव्हरच्या मागं नेऊन लावते आणि विचारते, "पहिली घंटा झाली, दुसरी झाली, तू कुठं होतास रे?" एक चांगला मिशीवाला ड्रायव्हर एकदा मान खाली घालून म्हणाला होता, "चुकलं टीचर." त्यानंतर आठवडाभर अक्का खुशीत होती.

कंडक्टरांशी मात्र तिचं रोजचं युद्ध. पहिल्याच दिवशी एका नव्या पोरसवदा कंडक्टरनं गाडीकडं बोट करून विचारलं, "येनव्वा इदु?" म्हणजे, बाई, हे काय? अक्का म्हणाली, "पाय." तो म्हणाला, "पाय?" "माझे. घरचे गेले, हे बाजारातून आणले." तो म्हणाला, ह्याला सामानाचं तिकीट लागेल. अक्कानं साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बायकांना बस फुकट केली आहे की नाही सरकारनं?" "केली आहे." "मग माझे पाय काय पुरुष आहेत?" हे सगळं कानडीत चाललं होतं, मराठीत त्याची चव निम्मीच उतरते. बस अशी हसली की शेवटी तो कंडक्टरही हसला, आणि त्यानं अक्काला एक बिनपैशाचं तिकीट दिलं आणि गाडीला एक दिलं. ती दोन्ही तिकिटं तिनं देवाच्या फोटोमागं खोचून ठेवली आहेत.

आता इथली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं खेड्याला जाणारी लाल बस स्टॅण्डात शिरते, तेव्हा दाराशी रेटारेटी करण्याआधी माणूस खिडकीतून आत टॉवेल टाकतो. ज्या सीटवर टॉवेल पडला ती सीट त्याची. मग मागून कुणी का येईना, टॉवेलावर बसत नाही. घरात भाऊ भावाची जमीन ढापतो, पण टॉवेलाची सीट कुणी ढापत नाही. अक्का ह्या कामात उस्ताद. टॉवेलाला एक गाठ मारते आणि घंटा देणाऱ्या हातानं असा फेकते की तो तिसऱ्या खिडकीतून जाऊन नेमका पडतो. स्वतःची खुर्ची असताना ही बाई सीट कशाला धरते, असं कुणीही विचारील. तर ती दुसऱ्यांसाठी धरते. कधी कधी कुणासाठी हेही तिला ठाऊक नसतं. धरून ठेवते, मग उभ्या माणसांतून एखादी दमलेली बाई निवडते आणि म्हणते, "बस ये, तुझीच आहे."

ह्या मे महिन्याच्या सुट्टीत तिच्या मळमड्डीच्या घरी पोरी, जावई, नातवंडं सगळी जमली. त्याच्या आदल्याच आठवड्यात अक्का एकटी हुबळीला गेली होती आणि भर बाजाराच्या चौकात तिची बॅटरी संपली. पुढं रिक्षा, मागं ट्रक, आणि ही मध्ये बसून पेरूवाल्याशी भाव करत होती. दोघा पोलिसांनी ढकलत कडेला आणली, तर त्यांना पेरू खायला घातले. पण तिच्या लेकाला फोन गेला, आणि तो घाबरला. तो वाईट पोरगा नाही, आईवर जीव आहे त्याचा. घाबरला म्हणूनच सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आई, ह्यापुढं एक चूक झाली, एकच, तरी मी गाडी विकणार. कुठं जायचं तर मी कारनं नेईन." अक्का काही बोलली नाही. ती गप्प बसली की मला भीती वाटते. कारण ह्या 'नेईन'चं मला माहीत आहे. माझी बायको हुबळीच्या दवाखान्यात होती तेव्हा अक्का मळमड्डीत दाराशी खुर्ची टाकून बसून होती. लेक कामावर होता, संध्याकाळी नेतो म्हणाला. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. त्यानंतर महिन्याच्या आत पेन्शनचे पैसे काढून, कुणाला न विचारता, तिनं ही गाडी आणली. मला एवढंच म्हणाली होती, "कुणी नेईल म्हणून बसले पाव्हणं, ते बसूनच राहिले."

तर त्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून अळणावरजवळ अक्काच्या माहेरी दोन दिवस जायचं ठरलं. फणस पिकले होते. लेकानं भाड्याची मोठी मोटार ठरवली, अक्कानं तो बेत मोडला. "माहेरी बंद काचेतनं जायला मी काय मेलेय?" म्हणाली. बसनंच जायचं. आणि गाडीचा मिस्त्री म्हणून मला बोलावणं आलं. मी बायको गेल्यापासून हुबळीच्या कमरीपेठेतलं घर सोडून कुठं गेलो नव्हतो, जायचंही नव्हतं. पण अक्काच्या गाडीला उचलायला चार कड्या मीच वेल्डिंग करून दिल्या होत्या. एक जरी तुटली असती तर ती चूक तिच्या नावावर गेली असती. म्हणून गेलो.

धारवाडच्या स्टॅण्डात ही गर्दी. दोन लाल बसा एकमेकींना खेटून आत शिरल्या. लेक पलीकडं पिशव्या आणि पोरं मोजत होता. अक्कानं गाठ मारली, हात मागं नेला, आणि टॉवेल गेला. सुरेख गेला. मग काय, टॉवेल आत पडला म्हटल्यावर आमच्या घरचं कुणी पाटी वाचतं का? पाच जण कानडी शिकलेले, त्यांतली एक तर शिक्षिका, पण एकाची मान वर झाली नाही. टॉवेल पडेल ती बस आपली. चौघांनी चार कड्या धरल्या. अक्का खाली उतरत नाही, उतरलं तर गाडीचा अपमान होतो असं तिचं मत. म्हणून ती वर बसलेली असतानाच गाडी पालखीसारखी उचलली, तीन पायऱ्या चढवली आणि ड्रायव्हरच्या मागच्या मोकळ्या जागेत ठेवली. कड्या टिकल्या. टॉवेलाच्या सीटवर अक्कानं मला बसवलं. बस सुटली. गाव मागं पडलं, वारा आत आला, आणि उभी माणसं पाण्यातल्या शेवाळासारखी एकदम इकडं, एकदम तिकडं झुलायला लागली. मला बऱ्याच महिन्यांनी पेंग आली.

कंडक्टर आला. लेक म्हणाला, "अळणावर, सगळे." कंडक्टर म्हणाला, "मग ह्या बसमध्ये काय करताय? ही हल्याळची."

लेक माणसांतून वाट काढत आमच्यापर्यंत आला. "टॉवेल कुणी टाकला?" त्यानं विचारलं. त्याला माहीत होतं. पोरांना माहीत होतं. अक्का हॅण्डल धरून समोर बघत होती, शाळेत चूक पकडल्यावर पोरं बघतात तशी.

मी तोंडाचा फटकळ माणूस आहे. मला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या सगळ्या गोतावळ्यात ठाऊक आहे. पण मी म्हणालो, "मी टाकला."

"काका, तुम्ही?"

"मी. पाटी दिसली नाही. डोळे गेलेत माझे. आता काय, मला विकतोस?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शिक्षिका पोरगी हसली, मग सगळेच. कंडक्टर म्हणाला, हल्याळला उतरा, तिथनं अळणावरला बस आहे, एवढं काय त्यात. लेकानं माझ्याकडं बघितलं. त्याचा विश्वास बसला की त्याला बसवून घ्यायचा होता, देव जाणे. पण त्यानं वाकून आईच्या गाडीचा ब्रेक नीट लागलाय का ते बघितलं आणि मागं आपल्या जागेवर गेला. गाडी विकायचं त्यानं पुन्हा काढलं नाही. अजून काढलेलं नाही.

मग जंगल लागलं. दोन्ही बाजूंना सागवान, आणि त्यातनं ऊन तुटून तुटून आत येत होतं, माणसांच्या खांद्यांवर, अक्काच्या पांढऱ्या केसांवर. चुकीच्या रस्त्यावर इतकं छान वाटेल असं मला वाटलं नव्हतं. मग अक्का माझ्याकडं न बघता, गर्दीत फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "पाव्हणं, शेवटी तिनं माझं नाव काढलं काय ओ?"

हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगतो म्हणूनच विचारलं नसणार. खरं म्हणजे शेवटचे दोन दिवस माझी बायको बोललीच नव्हती. डोळे मिटून होती. माझंही नाव तिनं काढलं नाही.

"काढलं की," मी म्हणालो. "अक्का आली काय, असं दोनदा विचारलं."

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. बस एका वळणावर कलली, सगळी उभी माणसं आमच्या अंगावर आली आणि परत गेली.

"तुम्हाला खोटं बोलायला अजून जमत नाही बघा," ती म्हणाली. "पण असू दे. आणि काय म्हणाली?"

हल्याळ येईपर्यंत मी सांगत होतो.