काकांचा पाय आणि लूमची खडखड

आमच्या शेजारच्या केसरीनाथकाकांचा आवाज म्हणजे गल्लीचा भोंगा. भिवंडीत नारपोलीच्या कापड कारखान्यात बिघडलेले लूम चालू करण्यात उभा जन्म गेला, त्या खडखडाटात हळू बोलायचं राहूनच गेलं. काकांनी चहा मागितला की आणखी चार घरं आधण ठेवतात.

काकांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि साखरेमुळे चिघळत गेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, रक्त पावलापर्यंत पोचत असेल तर अंगठ्यावर निभावेल, नाहीतर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. ते बघायला एक तपासणी होती. शिरेत किंचित किरणोत्सारी औषध टोचायचं, ते रक्ताबरोबर पायांत उतरतं आणि कुठवर गेलं ते कॅमेरा पडद्यावर दाखवतो. अट एकच, हलायचं नाही.

काका टेबलावर पडले. कॅमेरा सुरू झाला, पण आवाज काही येईना. भिवंडीत यंत्र गप्प झालं की माणसं काय समजतात, हे तपासणी करणाऱ्या रंजिताला बिचारीला कुठून माहीत असणार? काका सरळ उठले आणि चहाला निघाले. तिने अडवलं तर म्हणाले, "लाइट गेली ना? मंग नुसता पडून काय करू?"

तपासणी वाया गेली, नवी तारीख मिळाली. मी पोट धरून हसले. राहीबाईकाकी मात्र हसल्या नाहीत, त्यांना नवऱ्याचा पाय जाताना दिसत होता. लूमला काकी सवत म्हणतात. लग्नापासून कारखान्याची पायरी चढल्या नव्हत्या, पण दुसऱ्या दिवशी चालू लूमसमोर फोन धरून उभ्या राहिल्या.

पुढच्या खेपेला रंजिताने तो फोन काकांच्या उशाशी ठेवला. खडखड सुरू झाली आणि काका चक्क घोरू लागले. पाय तसूभर हलला नाही.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. औषधाचा उजेड पार पावलापर्यंत उतरला होता. पाय वाचला, अंगठा तेवढा जाणार, आणि यापुढे उभ्याने करायचं काम बंद. शेवटचं ऐकून मला वाटलं, हा माणूस लूमशिवाय राहणार कसा? काकी रडत होत्या आणि त्यांच्या हातातला फोन अजून खडखडत होता, तो बंद करायचं त्यांना सुचेना.

काकांनी तो घेतला, बंद केला आणि मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "आता लाइट गेली तरी चालंल गो."